कौलून–कँटन रेल्वे : व्यापारी आणि आप्तभेटीचे प्रवासी

प्रास्ताविक

चीनमधील रेल्वेचा इतिहास आपल्याकडे पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना शिकविला जातो तो मुख्यतः परकीय सवलतींचा इतिहास म्हणून. शांघाय ते वूसुंग हा छोटा लोहमार्ग १८७६ मध्ये सुरू झाला आणि चिंग सरकारने तो विकत घेऊन १८७७ मध्ये उखडून टाकला, येथून आपण प्रारंभ करतो. पुढे मांचुरियातील रशियन मार्ग, बेल्जियन व फ्रेंच भांडवलावर १९०६ मध्ये पूर्ण झालेला पेकिंग–हँकौ मार्ग, हायफाँगहून कुनमिंगला १९१० मध्ये पोहोचलेला फ्रेंचांचा मीटरगेज मार्ग आणि अखेरीस मे १९११ मधील रेल्वे राष्ट्रीयीकरणाविरुद्ध सेचुआन प्रांतात उसळलेला असंतोष व त्यामागोमाग आलेली क्रांती, असा हा क्रम असतो. तो चुकीचा नाही. कर्ज कोणाचे आणि रूळ कोणाचे हे प्रश्न साम्राज्यवादाच्या अभ्यासात टाळता येत नाहीत. तथापि, या मांडणीत डब्यात बसलेला प्रवासी कोठेच दिसत नाही. तो कोठून कोठे चालला होता, कशासाठी चालला होता आणि त्याच्या गाठोड्यात काय होते, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

प्रस्तुत निबंधात हाँगकाँगमधील कौलून आणि दक्षिण चीनमधील कँटन (आजचे ग्वांगझोऊ) यांना जोडणाऱ्या एकाच मार्गाचा विचार केला आहे. हा मार्ग निवडण्याचे कारण असे की, त्यावर व्यापारासाठी जाणारा आणि आप्तांच्या भेटीसाठी जाणारा असे दोन्ही प्रकारचे प्रवासी एकाच गाडीत बसत आले आणि या मार्गाच्या मधोमध एक सीमा होती. सीमेवर उभा असलेला अधिकारी प्रत्येकाला प्रयोजन विचारतो. त्यामुळे व्यापार आणि आप्तभेट ही दोन प्रयोजने शासनाने कशी वेगळी काढली हे येथे स्पष्टपणे पाहता येते. माझे प्रतिपादन असे की, ही विभागणी शासनाच्या सोयीची होती. प्रवाशाच्या जीवनात ती तशी कधीच नव्हती.

कँटनची जुनी रीत

या विभागणीचे मूळ रेल्वेच्या बरेच आधीचे आहे आणि त्याचा मुंबईशी निकटचा संबंध आहे. १७५७ पासून १८४२ च्या नानकिंग तहापर्यंत पाश्चात्त्य सागरी व्यापाराला कँटन हे एकच बंदर खुले होते. व्यापाराचा हंगाम संपला की परदेशी व्यापाऱ्यांनी कँटन सोडावे असा दंडक होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे परदेशी स्त्रियांना तेथील वखारींत राहण्यास मज्जाव होता. बायकामुले मकावला ठेवावी लागत. मुंबईहून कापूस व अफू घेऊन जाणाऱ्या पारशी व्यापाऱ्यांनाही हेच नियम लागू होते. जमशेटजी जीजीभॉय यांनी तरुणपणी चीनच्या पाच सफरी केल्या. त्यांच्या दानधर्माच्या खुणा मुंबईत जागोजागी आहेत, परंतु ती संपत्ती ज्या व्यवस्थेतून आली तिचा पहिला नियमच ‘माल आणा, घर आणू नका’ असा होता, हे आपण क्वचितच लक्षात घेतो.

परतणाऱ्यांची रेल्वे

कौलून–कँटन मार्गाचा ब्रिटिश हद्दीतील भाग ऑक्टोबर १९१० मध्ये सुरू झाला. चिनी हद्दीतील भाग ब्रिटिश कर्जातून बांधला गेला आणि १९११ च्या ऑक्टोबरच्या प्रारंभी, वूचांगचा उठाव अवघ्या काही दिवसांवर असताना, वाहतुकीस खुला झाला. संपूर्ण मार्ग सुमारे १८० किलोमीटरचा. ब्रिटिशांची दृष्टी त्याहून पुष्कळ दूरवर, म्हणजे हँकौ आणि तेथून पेकिंगपर्यंत होती. ती जोडणी होण्यास १९३६ साल उजाडावे लागले. कौलूनचे स्थानक त्सिम शा त्सुई येथे अगदी धक्क्यालगत होते. आज त्याचा केवळ घड्याळाचा मनोरा शिल्लक आहे. शेजारीच हाँगकाँग बेटावर जाणाऱ्या फेरीबोटी लागत. ही फेरीसेवा नावारूपाला आणली ती दोराबजी नवरोजी या पारशी गृहस्थांनी.

याच सुमारास, थोड्या पश्चिमेला, एक वेगळीच रेल्वे उभी राहत होती. ती आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही, असायला हवी होती. तैशान हा कँटनच्या नैर्ऋत्येचा जिल्हा म्हणजे अमेरिकेत गेलेल्या चिनी मजुरांचे माहेरघर. तेथील चिन जी ही हा मनुष्य अमेरिकेत मजुरी करीत करीत सिएटल शहरात मजूर पुरविणारा कंत्राटदार झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो मायदेशी परतला आणि परदेशस्थ चिनी लोकांकडून भागभांडवल गोळा करून त्याने सनिंग रेल्वे बांधली. परकीय भांडवल घ्यायचे नाही हा त्याचा आग्रह होता. १९०६ मध्ये आरंभलेले हे काम टप्प्याटप्प्याने १९२० पर्यंत चालले. परदेशातून येणारा मनुष्य हाँगकाँगला उतरे, बोटीने जियांगमेनला येई आणि तेथून या गाडीने आपल्या गावाकडे जाई.

या रेल्वेला प्रवासी का मिळाले, याचे उत्तर अमेरिकेच्या कायद्यात सापडते. १८८२ च्या चिनी बहिष्करण कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत प्रवेश बंद केला; त्यामुळे आधीच तेथे असलेल्या मजुराला बायको आणणे जवळजवळ अशक्य झाले. व्यापारी मात्र या बंदीतून वगळलेले होते आणि त्यांना पत्नी आणता येत असे. परिणामी अनेकांनी एखाद्या दुकानात लहानसा हिस्सा विकत घेऊन स्वतःची ‘व्यापारी’ अशी नोंद करविली. ज्यांना ते जमले नाही त्यांचे संसार तैशानलाच राहिले आणि ते स्वतः काही वर्षांनी एकदा येऊन जात. हा कायदा १९४३ मध्ये रद्द झाला. तोपर्यंत दोन पिढ्यांचे वैवाहिक जीवन बोटीच्या आणि गाडीच्या वेळापत्रकावर बेतलेले होते. कँटनमध्ये परदेशी व्यापाऱ्याला कुटुंब नाकारले गेले, अमेरिकेत चिनी माणसाला कुटुंब हवे तर व्यापारी व्हावे लागले. दोन्ही ठिकाणी शासनाने प्रयोजनाचा शिक्का मारला आणि दोन्ही ठिकाणी माणसांनी त्यातून वाट काढण्याचा प्रयत्न केला.

जपानी आक्रमणात सनिंग रेल्वे टिकली नाही. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तिचे रूळ चिनी लोकांनीच उखडले. कौलून–कँटन मार्ग मात्र १९३७–३८ मध्ये युद्धसामग्री आत नेणारी चीनची प्रमुख धमनी झाला आणि म्हणूनच त्यावर बाँबवर्षाव होत राहिला. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून निघालेले भारतीय वैद्यकीय पथक प्रथम कँटनमध्येच दाखल झाले आणि तेथून हँकौकडे गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. ऑक्टोबर संपण्यापूर्वी कँटन व हँकौ ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती गेली. कोटणीसांना चीनमध्ये असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. ते परतले नाहीत. डिसेंबर १९४२ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या पत्नी ग्वो छिंगलान पुढे अनेकदा भारतात येऊन गेल्या. सेवेची कथा म्हणून आपण हे सारे वाचतो, ते योग्यच आहे. परंतु एका सोलापूरच्या घराची आप्तभेट राहून गेल्याची कथाही त्यात आहे.

लो वूचा पूल

ऑक्टोबर १९४९ मध्ये कँटन साम्यवादी सैन्याच्या ताब्यात आले आणि कौलून–कँटन थेट प्रवासी गाडी बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली ४ एप्रिल १९७९ रोजी. मधली जवळजवळ तीस वर्षे प्रवासाची रीत अशी होती. कौलूनहून निघालेली गाडी सीमेवरील लो वू स्थानकात थांबे. सर्व प्रवासी सामानासह उतरत, कागदपत्रे दाखवीत आणि नदीवरील पूल पायी ओलांडत. पलीकडे शेनझेन. तेथे पुन्हा कागदपत्रे, पुन्हा सामानाची उघडझाप, मग चिनी गाडीत बसून कँटन. रूळ पुलावरून अखंड गेलेले होते, तरी प्रवाशांची गाडी त्यावरून जात नसे.

मालगाडी मात्र जात असे. १९६२ पासून चीनच्या अंतर्भागातून हाँगकाँगसाठी जिवंत डुकरे, कोंबड्या, भाजीपाला अशा ताज्या मालाच्या विशेष जलद गाड्या दररोज सोडल्या जाऊ लागल्या. सीमेवर इंजिन बदले, वाघिणी तशाच पुढे जात. ‘म्हणजे डुकरांना उतरावे लागत नव्हते, माणसांनाच लागत होते,’ असा शेरा एका विद्यार्थिनीने वर्गात मारला होता. त्यातला विनोद बाजूला ठेवला तरी शीतयुद्धाच्या काळातील या सीमेचे स्वरूप इतक्या नेमकेपणाने मला सांगता आले नसते. चीनला परकीय चलन हवे होते, हाँगकाँगला अन्न हवे होते. मालाच्या बाबतीत दोन्ही शासनांचा प्रश्न सुटलेला होता. प्रश्न होता तो माणसांचा.

माणसांतही व्यापाऱ्याला एक दार उघडे होते. कोरियन युद्धाच्या काळात, म्हणजे १९५०–५१ मध्ये, अमेरिका आणि संयुक्त राष्ट्रसंघाने चीनवर व्यापारी निर्बंध घातले. त्यातून मार्ग काढण्यासाठी एप्रिल १९५७ मध्ये कँटन येथे निर्यात मालाचे प्रदर्शन भरविण्यात आले. पहिल्या प्रदर्शनाला १९ देश व प्रदेशांतून सुमारे १,२०० खरेदीदार आले होते. वसंत आणि शरद अशा वर्षातून दोन वेळा ते भरू लागले. निमंत्रण मिळालेला परदेशी खरेदीदार कौलूनला गाडी पकडे, लो वूला पूल ओलांडे आणि संध्याकाळपर्यंत कँटनला पोहोचे. सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीतही हे प्रदर्शन चालू राहिले, ही गोष्ट चिनी शासनाच्या प्राधान्यक्रमाविषयी पुष्कळ काही सांगते.

त्याच गाडीत, बहुधा त्याच डब्यात नव्हे, आप्तभेटीचा प्रवासी असे. नववर्ष आणि पितरांच्या समाध्यांची निगा राखण्याचा छिंगमिंग हा सण, या दोन वेळी त्याची गर्दी उसळे. १९५९ ते १९६१ च्या भीषण दुष्काळात हाँगकाँगच्या लोकांनी तेल, साखर, पीठ, सुके पदार्थ असे जे जमेल ते नातलगांकडे पोहोचविले. काही पोस्टाने, काही खांद्यावरून. मे १९६२ मध्ये उलट दिशेने माणसांचा लोंढा आला आणि हाँगकाँगच्या पोलिसांनी त्यांतील बहुतेकांना परत पाठविले. त्या परत पाठविलेल्यांची वाटही लो वूवरूनच जात होती.

हे नातलग चिनी शासनाच्या दृष्टीने कोण होते? याचे उत्तर एकसंध नाही. सांस्कृतिक क्रांतीत ‘परदेशी संबंध’ असणे हा ठपका ठरला. हाँगकाँगला भाऊ आहे एवढ्यावरून माणसाची चौकशी होत असे. त्याच वेळी त्या भावाने पाठविलेली रक्कम शासनाला हवी होती. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून परदेशातून पैसे येणाऱ्या कुटुंबांना त्या रकमेच्या प्रमाणात खास कुपने दिली जात आणि त्यावर दुर्मीळ झालेले धान्य, तेल, कापड घेता येई. म्हणजे भावाच्या जिव्हाळ्याचे परकीय चलनात रूपांतर करणारी यंत्रणा शासनाने स्वतःच उभारली होती. प्रदर्शनाला आलेला खरेदीदार डॉलर आणीत होता, आप्तही डॉलरच आणीत होता. एकाच्या स्वागताला दुभाषी उभा असे, दुसऱ्याच्या पिशव्या उलट्या केल्या जात.

१९७९ नंतर

थेट गाडी सुरू झाली त्याच वर्षी हाँगकाँगच्या चिनी रहिवाशांसाठी ‘गावी परतण्याचा परवाना’ देण्यास प्रारंभ झाला. ऑगस्ट १९८० मध्ये लो वूच्या पलीकडील शेनझेन हे विशेष आर्थिक क्षेत्र म्हणून जाहीर झाले. या काळाचे वर्णन करताना ‘परकीय गुंतवणूक’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, तो दक्षिण चीनच्या बाबतीत दिशाभूल करणारा आहे. आरंभीची बरीच गुंतवणूक हाँगकाँगच्या लहानमोठ्या कारखानदारांची होती आणि ती अनेकदा त्यांच्या वडिलोपार्जित गावांत झाली. नववर्षाला घड्याळ, शिवणयंत्र किंवा दूरचित्रवाणी संच घेऊन आलेला काका पुढच्या खेपेला कापडाचे तागे आणि नमुने घेऊन आला. हाँगकाँगच्या मालकाने दोंगग्वान परिसरात १९७८ मध्ये सुरू केलेला हँडबॅगांचा कारखाना या प्रकारच्या उद्योगांचा आरंभबिंदू मानला जातो. जमीन कोणाकडे मागायची, गावच्या अधिकाऱ्याशी कोणत्या बोलीत बोलायचे, हे ज्ञान कोणत्याही वकिलातीकडे नव्हते. ते चुलतभावाकडे होते. येथे आप्तभेट हीच व्यापाराची पहिली पायरी ठरली. या दोहोंतली रेघ कोठे ओढायची हे मला तरी ठरविता आलेले नाही.

या कारखान्यांतून एक नवा प्रवासी निर्माण झाला. हुनान, सेचुआन, ग्वांगशी अशा प्रांतांतून तरुण मुले-मुली कामासाठी दक्षिणेकडे आली. चीनमध्ये जानेवारी १९५८ च्या नियमांनुसार प्रत्येकाची कौटुंबिक नोंदणी (हुकोऊ) ग्रामीण किंवा नागरी अशी ठरलेली असे आणि शिक्षण, आरोग्य आदी हक्क त्या नोंदणीच्या गावाशी बांधलेले असतात. कारखान्याला मजूर हवा होता. त्याच्या मुलाला शाळेत जागा देण्याची जबाबदारी मात्र शहराने घेतली नव्हती. म्हणून मूल आजी-आजोबांकडे राहिले आणि आईवडील वर्षातून एकदा, नववर्षाला, गाडीने त्याच्याकडे जाऊ लागले. नववर्षाच्या आगेमागे सुमारे ४० दिवस चालणारा हा चुनयुन, म्हणजे वसंतोत्सवी वाहतूक, जगातील सर्वांत मोठ्या वार्षिक मानवी स्थलांतरांपैकी एक म्हणून सांगितला जातो. त्याची छायाचित्रे आपण सणाची गर्दी म्हणून पाहतो. सणाची ओढ त्यात आहेच. पण ही गर्दी एवढी प्रचंड होण्यात एका प्रशासकीय नियमाचा वाटा मोठा आहे. तैशानच्या घरात बाप समुद्रापलीकडे होता, हुनानच्या घरात तो ८०० किलोमीटरवर, आपल्याच देशात होता.

२००८ च्या हिवाळ्यात याचे दारुण चित्र दिसले. जानेवारीच्या उत्तरार्धात दक्षिण व मध्य चीनमध्ये बर्फवृष्टी व हिमवर्षा झाली, हुनानमध्ये विजेच्या तारा तुटल्या आणि बेजिंग–ग्वांगझोऊ मार्ग ठप्प झाला. नववर्ष ७ फेब्रुवारीला होते. ग्वांगझोऊ स्थानकासमोर लक्षावधी लोक पावसात उभे राहिले. चेंगराचेंगरीत एका तरुण स्त्रीचा बळी गेला. पंतप्रधान वेन जियाबाओ यांनी चांगशा स्थानकावर जाऊन अडकलेल्या प्रवाशांची क्षमा मागितली. ग्वांगझोऊचे हे स्थानक १९७४ साली सुरू झाले. निर्यात प्रदर्शनाचे ल्यूहुआ येथील संकुलही त्याच वर्षी, त्याच परिसरात उभारले गेले होते, कारण परदेशी खरेदीदार रेल्वेने येत. २००८ च्या त्या दिवसांत गावी जाणाऱ्या मजुरांना आसरा देण्यासाठी प्रदर्शनाची ही दालने उघडण्यात आली. जेथे त्यांनी बनविलेला माल मांडला जात असे, त्या फरशीवर ते आता अंथरुणे टाकून पडले होते.

यानंतरचा इतिहास वेगाचा आहे आणि तो सर्वपरिचित असल्याने येथे विस्तार करीत नाही. डिसेंबर २००९ मध्ये वूहान–ग्वांगझोऊ द्रुतगती मार्ग सुरू होऊन सुमारे १,००० किलोमीटरचे अंतर तीन तासांवर आले. २०१२ पासून सर्व गाड्यांना नावानिशी तिकीट आवश्यक झाले. काळाबाजारवाल्यांना त्यामुळे काहीसा आळा बसला, आणि कोण कोणत्या दिवशी कोठे गेला याची नोंदही शासनाकडे राहू लागली. मात्र द्रुतगती गाडीचे भाडे साध्या गाडीतील ‘कठीण आसना’च्या कितीतरी पट होते. वर्गभेद अमान्य म्हणून नव्या चीनने पहिला-दुसरा वर्ग हे शब्द टाळून ‘मऊ आसन’, ‘कठीण आसन’ असे शब्द योजले होते. द्रुतगती गाड्यांत पहिला आणि दुसरा वर्ग हे शब्द उजळ माथ्याने परत आले.

सप्टेंबर २०१८ मध्ये ही द्रुतगती रेल्वे हाँगकाँगमध्ये पश्चिम कौलूनपर्यंत आली. तेथे दोन्ही बाजूंची तपासणी एकाच इमारतीत होते. हाँगकाँगच्या भूमीवर चिनी अधिकारी बसणार यावरून तेव्हा मोठा वाद झाला. १९७९ ची जुनी थेट गाडी जानेवारी २०२० मध्ये महामारीमुळे थांबली, ती परत सुरू झालीच नाही. लो वूची सीमाही बंद राहिली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये उघडली. जवळजवळ तीन वर्षे शेनझेन आणि हाँगकाँगमधील विभक्त कुटुंबांची भेट दीर्घ विलगीकरणाशिवाय होऊ शकत नव्हती. मालमोटारी मात्र या काळातही चालू होत्या. १९६२ ची ती जलद मालगाडी येथे आठवल्यावाचून राहत नाही.

लो वूचा पूल आजही पायीच ओलांडला जातो. आता तो झाकलेला, दिव्यांनी उजळलेला आहे, आणि त्या मार्गाचे भाडे द्रुतगती गाडीपेक्षा कमी पडते. त्यावरील एका नियमाचा उल्लेख करायला हवा. २००८ मध्ये चीनमध्ये भेसळयुक्त दूध भुकटीने लाखो अर्भके आजारी पडली. पालकांचा देशी भुकटीवरील विश्वास उडाला आणि हाँगकाँगहून डबे आणले जाऊ लागले. कोणी भाचीसाठी दोन डबे नेई, कोणी दिवसातून चार खेपा करून शेनझेनच्या दुकानदाराला देई, आणि बरेच जण दोन्ही करीत. हाँगकाँगमध्ये डब्यांचा तुटवडा होऊ लागला. मार्च २०१३ मध्ये हाँगकाँग शासनाने नियम केला की, सोळा वर्षांवरील व्यक्तीने हाँगकाँग सोडताना १.८ किलोपेक्षा अधिक दूध भुकटी नेऊ नये. १.८ किलो म्हणजे साधारण दोन डबे. दोन डब्यांपर्यंत मावशी, तिसऱ्या डब्यापासून व्यापारी.